वेंगुर्ला रोडने खाली, निपाणी रोडने वर: बेळगावहून तळकोकणच्या किनाऱ्याची चार दिवसांची फेरी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून समुद्राला जायचे म्हटले की गाडी आपोआप चोर्ला घाटाकडे वळते आणि गोव्याच्या गर्दीत अडकते. खरे तर बंदरांची नावे मिरवणारे दोन रस्ते आपल्या दारातच आहेत. हिंडलग्यावरून जाणारा वेंगुर्ला रोड आणि निपाणीला येऊन मिळणारा देवगड-निपाणी रस्ता. पहिला इंग्रजांच्या काळापासूनचा, वेंगुर्ला बंदरात उतरलेले सैन्य आणि सामान बेळगावच्या छावणीत आणणारा. एका रस्त्याने उतरावे, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला सरकावे आणि दुसऱ्याने वर चढावे, म्हणजे एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. शिरोडा ते देवगड या पट्ट्यात पुळणी (वाळूचे किनारे), खाड्या, जलदुर्ग आणि तीन दीपगृहे भेटतात.

एकूण अंतर धरा साडेचारशे ते पाचशे किलोमीटर. बेळगाव ते सावंतवाडी शंभराच्या आत, सावंतवाडी ते शिरोडा पंचवीसेक, शिरोडा ते वेंगुर्ला वीसेक, वेंगुर्ला ते मालवण ४५, मालवण ते देवगड ५०, आणि देवगडहून निपाणीमार्गे घरी सुमारे २१५. बाकीचे इकडेतिकडे वळण्यात जातात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ३५ लिटर पेट्रोल पुरते. तीन दिवसांत उरकता येईल का, तर येईल. पण मग दीपगृहे बंद असतानाच त्यांच्या दारात पोचाल. विजयदुर्ग हवा असेल तर पाचवा दिवस काढावा.

केव्हा निघावे

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ सर्वांत चांगला. आंब्यासाठी जायचे तर एप्रिलचा शेवट किंवा मेचे पहिले दोन आठवडे, पण तेव्हा दुपारी बारा ते चार वाळूवर पाय ठेववत नाही. जून ते ऑगस्ट आंबोली सुंदर असते, किनारा मात्र आपल्यासाठी नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, आणि घाटात दरडीची भीती.

महिना ठरला की तिथी बघा. ही गोष्ट बहुतेक जण सोडून देतात आणि मग भरतीच्या वेळी पोचून पाण्याखाली गेलेल्या पुळणीकडे बघत बसतात. कोकणातल्या दर्यावर्दींचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असे मोजायचे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पाऊण तास पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढे पुष्कळ आहे.

आता हाच हिशेब उलटा लावा. आपल्याला दुपारी साडेचार-पाचला ओहोटी हवी, कारण तेव्हा ऊन उतरलेले असते, ओली घट्ट वाळू उघडी पडते आणि खडकांमागच्या लहान पुळणींपर्यंत चालत जाता येते. म्हणजे भरती साडेदहाच्या आसपास हवी, म्हणजे तिथी त्रयोदशी-चतुर्दशी. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आदल्या दोन-तीन दिवसांत किनाऱ्यावर असाल अशा बेताने निघावे. या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी चढते तसेच उतरतेही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याची चढउतार कमी, आणि ओहोटी नेमकी भर दुपारी.

गाडीची तयारी

या फेरीत गाडीचा कस लागतो तो दोन ठिकाणी, घाटात आणि खाऱ्या हवेत. निघण्याच्या आधी आठवडाभर ब्रेक पॅडची जाडी बघून घ्या. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर तेही बदला. जुने ऑइल हवेतली ओल पीत राहते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे आत जाते. गाडी नवी असून ब्रेक लागेना, असे घाटात होते त्यामागे बहुधा हेच कारण असते. कूलंट, वायपरची रबरे आणि पुढचे-मागचे फॉग लॅम्प तपासा. स्टेपनीत हवा आहे की नाही हे प्रत्यक्ष बघा.

गाडीत ठेवायचे: १० लिटर गोडे पाणी, जुनी दोन गोणपाटे, लहान फावडे, बंद गाडी ओढायची टोचण दोरी, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, टॉर्च. रोख रक्कम थोडी सुट्ट्या नोटांत ठेवा, कारण होडी, दीपगृहाचे तिकीट आणि वाडीतले जेवण अशा ठिकाणी नेट मिळेलच असे नाही. नकाशा आधीच डाउनलोड करा. खासगी गाडीला केए पाटी असली तरी विमा, पीयूसी आणि आरसी एवढे पुरते. पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी असेल तर तिच्याकडे महाराष्ट्रात चालणारे परमिट आहे का हे आगाऊ देण्याआधी मालकाला विचारा. नाहीतर शिनोळीच्या पुढे कुठेतरी दंड भरायची पाळी प्रवाशांवरच येते.

पहिला दिवस: बेळगाव, आंबोली, शिरोडा, वेंगुर्ला

पहाटे साडेपाचला हिंडलगा ओलांडलेला असावा. सुळगे, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची, आणि शिनोळीला महाराष्ट्र लागला. पुढे पाटणे फाटा, हलकर्णी फाटा, नागनवाडी, कानूर असे करत आंबोली साधारण दोन तासांत येते. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असेल तर या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट बाहेर आलेला. पहाटेच्या धुक्यात या ट्रॉलीचा अंदाज येत नाही. ५० च्या वर जाऊ नका आणि दोन ट्रॉल्या एका दमात ओलांडायचा मोह धरू नका.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. संकेश्वरकडच्या लोकांनी इथे हिरण्यकेशीच्या उगमापाशी जरूर थांबावे. आपल्या गावाशेजारून जाणारी नदी गुहेतून कशी बाहेर पडते हे पाहायला अर्धा तास पुरतो.

मग घाट. नियम एकच: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे दुसरा, कुठे कुठे पहिला. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. थोडा वेळ जोरात दाबून वेग उतरवायचा आणि पाय काढायचा. न्यूट्रल कधीही नाही, दुचाकीलासुद्धा नाही. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल मोड वापरा. जळक्या रबरासारखा वास आला तर वळणावर न थांबता रुंद जागा बघून थांबा आणि अर्धा तास गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरते. धुके असेल तर हेडलाइट लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

नवख्या चालकाला तिलारी घाट सुचवू नये. अंतर कमी दिसते म्हणून नकाशा तिकडे वळवतो, पण तिथली उतरण फार तीव्र आहे आणि वळणे अरुंद.

दाणोलीवरून सावंतवाडी. मोती तलावाकाठी नाष्टा, चितार आळीत लाकडी खेळणी. घेतली तर इथेच घ्या, पुढे मिळणार नाहीत. मग मळेवाडमार्गे शिरोडा. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तो याच गावात, आणि मिठागरे अजूनही रस्त्यालगत दिसतात. वेळागरची पुळण लांब, सुरूच्या बनाची, आणि गाडी सावलीत लावता येते. रेडीचा गणपती आणि यशवंतगड इथून पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला, इच्छा असेल तर. आरवलीच्या वेतोबाला नवसाचे केळ्यांचे घड आणि भलेमोठे चामडी जोडे वाहिलेले दिसतात. तिथून मोचेमाड ओलांडून वेंगुर्ला.

वेंगुर्ल्यात साडेचारपर्यंत पोचायचेच, कारण बंदराजवळच्या टेकडीवरचे दीपगृह लोकांसाठी उघडते ते संध्याकाळी थोडाच वेळ. नक्की वेळ फाटकावरच्या पाटीवर असते. मुक्कामाच्या घरमालकाला सकाळीच फोन करून विचारून घ्या.

दीपगृह कसे पाहावे

वर जाऊन सेल्फी काढून उतरणारे खूप. थोडे समजून घेतले तर तोच अर्धा तास मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहील.

खांद्यावरची पिशवी गाडीतच ठेवा. शेवटचा टप्पा लोखंडी शिडीचा आणि अरुंद असतो. वर दिव्याच्या खोलीत भिंगाकडे नीट बघा. ते एकसंध काचेचे नसते. एकावर एक बसवलेल्या तिरप्या काचांच्या कड्या असतात, आणि मधोमध असतो अगदी लहान दिवा. वर-खाली सांडणारा सगळा उजेड त्या कड्या वळवून क्षितिजाकडे सरळ पट्ट्यात सोडतात. दिवा उघडझाप करत नाही. भिंग फिरते, आणि त्याचा पट्टा आपल्यावरून गेला की आपल्याला झोत दिसतो. दिवसा काचांना पडदे लावलेले असतात ते धुळीसाठी नव्हे. सूर्य त्या भिंगातून उलटा आत आला तर झोत एकवटून आतली यंत्रणा जाळेल, म्हणून. काचेला हात लावू नका. बोटाचा तेलकट ठसा उजेड खातो आणि तो पुसायला तिथल्या माणसाला पुन्हा कष्ट पडतात.

दिवा टेकडीवरच का, याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला ३.६ ने गुणा. तेवढे किलोमीटर क्षितिज. दिवा पाण्यापासून ४९ मीटरवर असेल तर ७ गुणिले ३.६, म्हणजे पंचवीस किलोमीटर. पुळणीवर उभ्या माणसाचे डोळे दीड मीटरवर, त्याला साडेचार किलोमीटरच्या पलीकडचा समुद्र दिसतच नाही.

अंधार पडला की पुळणीवरून मोबाइलचे स्टॉपवॉच लावा. एका झोतापासून त्याच क्रमातल्या पुढच्या झोतापर्यंत किती सेकंद आणि मध्ये किती झोत, हे तीनदा मोजा. प्रत्येक दीपगृहाचा हा क्रम ठरलेला असतो आणि शेजारच्या दीपगृहाहून वेगळा असतो. त्यावरूनच तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, आपण कुठल्या गावासमोर आहोत हे कळते. वेंगुर्ल्याचा क्रम वहीत लिहून ठेवा आणि देवगडला गेल्यावर ताडून बघा.

दुसरा दिवस: निवती, भोगवे, मालवण

सकाळी वेंगुर्ला बंदरावर मासळी उतरते ती बघा, मग सागरी मार्गाने परुळ्याकडे. वाटेत निवतीला वळा. किल्ल्याच्या टोकावरून, हवा स्वच्छ असेल तर, भर समुद्रात खडकांचा पुंजका आणि त्यावर दीपगृह दिसते. हे वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत, लाळेपासून बांधलेली. त्यांची पूर्वी चोरटी विक्री होत असे. तिकडे होडी नेतो म्हणणारा भेटला तरी घरट्यांच्या गुहेजवळ जायचा हट्ट धरू नका. वाऱ्याच्या दिवशी तर मुळीच जाऊ नका. किल्ल्यावरून दुर्बिणीने पाहिले तरी समाधान होते.

भोगव्याची पुळण हा या फेरीचा माझ्या मते सर्वांत देखणा तुकडा. उतरणीवरून एकदम खाली माड, पांढरी वाळू आणि उजवीकडे कर्ली खाडीचे मुख दिसते. समोर दिसते ते देवबाग. इथे नकाशावाले फसतात. भोगवे आणि देवबाग यांच्यामध्ये फक्त पाणी आहे, होडीने दहा मिनिटे, पण गाडीला पूल नाही. परत परुळ्याला येऊन चिपीजवळून कर्लीचा पूल ओलांडायचा आणि देवली-चौके करत मालवण गाठायचे. कोकणात कुठेही दोन ठिकाणांचे अंतर नकाशावर फारच कमी दिसले, तर मध्ये खाडी नाही ना हे आधी बघायचे.

तारकर्ली-देवबाग ही समुद्र आणि खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. रस्ता एकच, तोही पुढे संपणारा. शनिवारी-रविवारी दुपारी अकरानंतर तिथे गाडी घातली तर दोन तास अडकलात म्हणून समजा. देवबागच्या मुखाशी त्सुनामी आयलंड म्हणतात ती वाळूची पट्टी ओहोटीतच धड उघडी असते. तिथीचा हिशेब इथे कामाला येतो.

सिंधुदुर्ग किल्ला तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या होडीने. १६६४ मध्ये पायाभरणी, तीन वर्षांत बांधून पूर्ण, क्षेत्र ४८ एकर. दोन तास आणि टोपी हवीच. तटावर सावली नाही.

जेवणाबद्दल एवढेच: सुरमई, पापलेटचा दर तुकड्याच्या आकारावर ठरतो, तेव्हा मागवण्याआधी तुकडा बघून दर विचारा. बांगड्याच्या थाळीत पैसेही वाचतात आणि मासा ताजा मिळतो. रात्रीचे जेवण वाडीत हवे असेल तर दुपारी सांगून ठेवावे लागते. बाजारातून खडखडे लाडू आणि मालवणी खाजा.

पाण्यात उतरण्याआधी

१५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकीच्या आठजणांचा बुडून मृत्यू झाला. आपल्याकडची पोरे विहिरीत आणि नदीच्या डोहात पोहायला शिकतात. तिथे पाणी खोल असते, पण ते ओढत नाही. समुद्र ओढतो. लाटांनी किनाऱ्यावर चढवलेले पाणी परत जाताना एखाद्या खोलगट जागेतून नदीसारखे आत वाहते. ती जागा वरून शांत दिसते. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फेस नाही, पाणी गढूळ, अशी. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाटा नाहीत.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमछाक होऊन बुडाल. किनाऱ्याला समांतर, उजवीकडे किंवा डावीकडे, वीस-तीस मीटर पोहा. ओढ सुटली की तिरपे बाहेर या. पोहता येत नसेल तर उताणे तरंगून हात वर करा. वाचवायला मागोमाग उडी मारू नका, रिकामा कॅन, दोरी, काहीही तरंगणारे फेका. अपघातात माणसे वाढतात ती अशीच, एकाच्या मागे दुसरा. ओहोटी लागलेली असताना गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. आणि गावातला माणूस 'हयसर उतरा नको' म्हणाला की वाद घालायचा नाही.

गाडी वाळूवर नेऊ नका. नेली आणि रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक फिरेल तेवढे खाली जाते. चाकांची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा, चाकामागची वाळू फावड्याने उतरती काढा, गोणपाट अंथरा आणि आलात त्याच खुणांवरून रिव्हर्समध्ये हळू निघा. रस्त्यावर आल्याबरोबर हवा भरा. भरती चढत असेल तर हे प्रयोग करत बसू नका, आधी ट्रॅक्टर बोलवा.

तिसरा दिवस: आचरा, कुणकेश्वर, देवगड

कोळंबचा पूल ओलांडून आचरा, मग मिठबाव, कुणकेश्वर. आचऱ्याचे रामेश्वर मंदिर आणि कुणकेश्वरचे समुद्राला लागून उभे असलेले देऊळ, दोन्हीकडे सकाळी जावे. वाटेत तोंडवळी-तळाशील भागात रापण ओढणारे दिसले तर थांबा. दोन रांगांत माणसे, दोन्ही टोकांना दोर, आणि मध्ये समुद्रात अर्धगोल जाळे. ताणलेला दोर ओलांडून जायचे नाही, तो झटक्यात वर येतो. ओढायला हात लावा, आवडते त्यांना; मासळी हवी असेल तर वाटे पडल्यावर विचारा, आधी नाही.

कुणकेश्वरहून मिठमुंबरी-तारामुंबरी पुलाने देवगड जवळ पडते. देवगडचे दीपगृह १९१५ चे, किल्ल्याच्या आवारातच. इथेही संध्याकाळीच उघडे. वरून एका बाजूला बंदर, दुसरीकडे पवनचक्क्या आणि पुळण दिसते. रात्री क्रम मोजून वेंगुर्ल्याशी ताडायचे विसरू नका.

पाचवा दिवस काढला असेल तर जामसंडे, पडेल, गिर्येमार्गे विजयदुर्ग, तीसेक किलोमीटर. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियम इथे सापडला असे सांगतात. त्यात गल्लत आहे. हेलियमची खूण दिसली ती १८६८ सालची. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ओटे पाहताना मुलांना ही तारीख सांगा.

चौथा दिवस: देवगड, फोंडा घाट, निपाणी

हंगामात आंबा घ्यायचा तर बागेतून घ्या. नाकाशी धरून देठाजवळ वास घ्या. रंग पिवळा पण वास नाही, असा आंबा नको. घरी चार-पाच दिवसांनी खायचा असेल तर हिरवट, कडक फळ घ्या आणि पेटीतले गवत फेकू नका. पेटी बंद डिकीत उन्हात ठेवली तर फळ उकडते, म्हणून मागच्या सीटवर. मासळीसाठी थर्मोकोलचा खोका, एक किलोला एक किलो बर्फ, थर थर करून, आणि तळाशी पाणी निथळायला जागा. मासा वितळलेल्या पाण्यात पडून राहिला की मऊ होतो.

सकाळी सातला निघा. शिरगाव, नांदगाव, तिथे मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून फोंडा. घाट चढताना इंजिनचा काटा बघत रहा. तापू लागले तर एसी बंद करा. वर दाजीपूर, गव्यांचे जंगल. संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात आणि अंधारात त्यांचा काळा रंग दिसत नाही, म्हणून हा टप्पा दुपारच्या आत संपवायचा. राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी भरले की ते आपोआप उघडतात, विजेशिवाय. मग मुदाळतिट्टा, निपाणी. निपाणी-चिकोडीकर इथेच घरी पोचले. बेळगावकरांना महामार्गाने अजून ७५ किलोमीटर, संकेश्वर ओलांडून हत्तरगीचा टोल. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघून ठेवा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीचा खालचा भाग, चाकांच्या आतल्या कमानी आणि दारांच्या खालच्या फटी गोड्या पाण्याने दाबाने धुवा. वरून चकचकीत गाडी दोन वर्षांनी खालून कुजते ती या मिठामुळे. धुतल्यावर पाच मिनिटे फिरवून ब्रेक दोन-चारदा दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतील. सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर ऐकू आली तर घाबरू नका, वरचा गंज असतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दोन दिवसांनीही खरखर चालूच राहिली तर पॅडमध्ये वाळूचा कण अडकलेला आहे. चाक काढून साफ करून घ्या.